उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील परसबागेत गुलाब : जातींची निवड, लागवड आणि छाटणी

डिसेंबर-जानेवारीत रोपवाटिकेतून भरगच्च फुलांसह आणलेले गुलाबाचे रोप गणपतीपर्यंत टिकत नाही, ही उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर भागातील नेहमीची तक्रार आहे. खत कमी पडले किंवा जात चांगली नव्हती, असा त्यावर सहसा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात बहुतेक झाडे पावसाळ्यात मुळाशी साचलेल्या पाण्यामुळे, पानांवरील काळ्या ठिपक्यांमुळे आणि चुकीच्या वेळी केलेल्या छाटणीमुळे जातात.

महाराष्ट्रात गुलाबाची शेती मुख्यतः पुणे, नाशिक, सांगली, सोलापूर अशा घाटावरच्या भागात होते. त्यामुळे गुलाबाबद्दलचा बहुतेक सल्लाही त्या हवामानाला धरून असतो. जून आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या करण्याची शिफारस तिकडच्या मर्यादित पावसात चालते. उल्हास खोऱ्यात वर्षाला सुमारे २,५०० मि.मी. किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. येथे जूनमध्ये जोरकस छाटणी केली, तर ताजे काप आणि कोवळी फूट थेट संततधारेत सापडतात. म्हणून या पट्ट्यासाठी मुख्य नियम एकच : मुख्य छाटणी वर्षातून एकदाच, परतीचा पाऊस संपल्यावर करावी आणि लागवडही त्याच सुमारास करावी.

हवामान आणि जमीन

गुलाबाला दिवसा २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान, थंड रात्री आणि रोज किमान ५ ते ६ तास थेट ऊन लागते. या भागात असे दिवस साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मिळतात. हाच येथील गुलाबाचा खरा हंगाम. बदलापूर-कर्जत पट्टा समुद्रापासून आत असल्याने मार्च-एप्रिलमध्ये पारा अनेकदा ४० अंशांच्या पुढे जातो. त्या काळात फुले लहान, फिकट आणि कमी पाकळ्यांची येणे स्वाभाविक आहे. तो रोग नव्हे.

जमिनीचा सामू ६ ते ७ असावा. येथे तीन प्रकारच्या जागा आढळतात.

- डोंगरपायथ्याची मुरमाड जमीन : निचरा चांगला असतो, पण सेंद्रिय पदार्थ कमी असतात. शेणखत भरपूर मिसळावे.
- नदीकाठची भारी, चिकण जमीन : पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. येथे सपाट वाफा करू नये.
- इमारतींभोवतीची भरणी : मातीखाली सिमेंट, विटा, चुना यांचा डेब्रिज असतो. त्यामुळे सामू वाढतो आणि झाडाला लोह मिळत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे त्याचे लक्षण. अशा जागी ४५ सें.मी. खोलीपर्यंतची भरणी काढून चांगली माती भरावी, नाहीतर कुंडीत लागवड करावी.

निचरा तपासण्यासाठी ४५ सें.मी. खोल खड्डा करून पाण्याने भरावा. ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी ४ ते ५ तासांनंतरही उरले, तर तेथे ३० सें.मी. उंच गादीवाफा केल्याशिवाय गुलाब लावू नये.

पाण्याबाबत एक सूचना. वालधुनी नदीत कारखान्यांचे आणि वस्तीचे सांडपाणी मिसळते. तिचे किंवा जवळच्या नाल्यांचे पाणी बागेला वापरू नये. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरायचे असल्यास ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

जातींची निवड

फुलाचा फोटो पाहून जात निवडू नये. येथे पहिला प्रश्न असावा, "पावसाळ्यात ही जात पाने टिकवते का?"

- एडवर्ड किंवा देशी गुलाबी गुलाब : फूल लहान आणि विस्कटलेले असते, पण सुगंध उत्तम आणि झाड काटक. पूजा आणि गुलकंद या दोन्हींसाठी उपयोगी. पहिल्यांदाच गुलाब लावणाऱ्याने यापासून सुरुवात करावी.
- क्वीन एलिझाबेथ : गुलाबी फुले, उंच आणि जोमदार वाढ. मागच्या ओळीत किंवा कुंपणालगत लावावी.
- ग्लॅडिएटर : लालसर मोठी फुले, दणकट फांद्या. महाराष्ट्रात फार पूर्वीपासून उघड्या शेतात घेतली जाणारी जात.
- आइसबर्ग : पांढरी, झुपक्याने येणारी फुले, काटे कमी. कुंडीसाठी चांगली. पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांवर मात्र लक्ष ठेवावे लागते.
- बटन गुलाब : २५ सें.मी. कुंडीतही वाढतात. बाल्कनीसाठी सोयीचे. उन्हाळ्यात लाल कोळी लवकर लागते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने गडद पिवळ्या जाती आणि पापा मेयाँसारखे गर्द लाल, सुगंधी पण रोगाला बळी पडणारे प्रकार टाळावेत. पिवळ्या जाती नाजूक असण्याला कारण आहे. आजच्या बागेतील गडद पिवळा रंग मुख्यतः रोझा फीटिडा या पश्चिम आशियाई जंगली गुलाबाकडून आला. फ्रान्समधील पर्ने-द्युशे यांनी त्यावर संकर करून १९०० मध्ये 'सोले दॉर' ही जात आणली. मूळचा हा गुलाब कोरड्या हवेतला असल्याने रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांना बळी पडण्याचा गुणही पुढच्या जातींत उतरला. पिवळा गुलाब हवाच असेल, तर तो पावसाळ्यात आडोशाला हलवता येईल अशा कुंडीत लावावा.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा अरुण, पुसा शताब्दी अशा जाती विकसित केल्या आहेत. त्या घेताना रोपवाटिकेकडे खात्रीचे कलम असल्याची चौकशी करावी. एक-दोन रोपांवर एक पावसाळा पाहून मगच संख्या वाढवावी.

रोप विकत घेताना

१. फुलांची संख्या पाहू नये. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या किमान ३ निरोगी फांद्या पाहाव्यात.
२. डोळा भरलेला जोड स्पष्ट दिसावा. जोडाजवळ काळेपणा किंवा भेग नसावी.
३. फांदीची टोके काळी पडून वाळत आलेली असतील, तर रोप घेऊ नये. मर तेथूनच खाली उतरते.
४. बाहेरगावाहून येणाऱ्या अनेक रोपांची मुळे चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. हा गोळा तसाच लावला, तर पावसाळ्यात आत पाणी धरतो आणि आजूबाजूची माती चांगली असूनही मुळे कुजतात. लावताना गोळा थोडा वेळ पाण्यात भिजवून बाहेरची सुमारे एक तृतीयांश माती हलक्या हाताने मोकळी करावी. मुळे तोडू नयेत.

लागवड

योग्य काळ मध्य ऑक्टोबर ते डिसेंबर. पावसाच्या सुरुवातीची लागवड घाटावर चालते. येथे ती टाळावी.

*जमिनीत :* ४५ × ४५ × ४५ सें.मी. खड्डा घ्यावा. त्यात निम्मी माती, निम्मे चांगले कुजलेले शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड भरावी. मोठ्या फुलांच्या जातींत दोन झाडांमध्ये ७५ सें.मी., बटन गुलाबात ३० सें.मी. अंतर ठेवावे. दाट लागवडीत पावसाळ्यात हवा खेळत नाही आणि पाने सुकत नाहीत. डोळ्याचा जोड मातीच्या वर ५ सें.मी. राहील असे रोप लावावे. जोड गाडला गेला, तर ओलीत तो कुजतो आणि खुंटाची फूटही ओळखू येत नाही.

*कुंडीत :* मोठ्या फुलांच्या जातींना ३० ते ३५ सें.मी. व्यासाची कुंडी हवी. मिश्रणात ४ भाग माती, ३ भाग शेणखत किंवा गांडूळ खत, २ भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि १ भाग कोकोपीट घ्यावे. कोकोपीटचे प्रमाण याहून वाढवू नये. तेच मिश्रण जुलैत स्पंजासारखे पाणी धरून बसते. तळाला किमान ३ ते ४ छिद्रे असावीत आणि कुंडी विटांवर ठेवावी. गच्चीवर कुंड्या ठेवताना गळती आणि वजनाचा विचार करून त्या तुळई किंवा भिंतीच्या रेषेत मांडाव्यात.

छाटणी : केव्हा आणि कशी

मुंबई परिसरातून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. परतीच्या गडगडाटी सरी त्यानंतरही येतात. म्हणून साधारण १० ते २५ ऑक्टोबर या काळात, पुढील ३ ते ४ दिवस कोरडे असल्याचा अंदाज पाहून छाटणी करावी. काप कोरड्या हवेत सुकणे महत्त्वाचे आहे.

छाटणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत फुले येतात. जात आणि थंडीनुसार काही दिवस पुढे-मागे होते. १५ ऑक्टोबरला छाटलेले झाड नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फुलते. मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेसाठी हा हिशेब बहुतेक वर्षी जमतो. फेब्रुवारीच्या मध्यावर फुले हवी असतील, तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फक्त फुललेल्या फांद्या हलक्या छाटाव्यात.

छाटणीचा क्रम :

१. धारदार सिकेटर वापरावे. प्रत्येक झाडानंतर पाते स्पिरिटने पुसावे.
२. प्रथम वाळलेल्या, काळ्या पडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात.
३. खुंटावरून आलेली फूट मुळाशी मोकळी करून ओढून काढावी. ती नेहमी जोडाच्या खालून येते. केवळ पानांच्या संख्येवरून ओळखू नये, उगम पाहावा.
४. ४ ते ६ जोमदार फांद्या ठेवून झाडाचा मध्य वाडग्यासारखा मोकळा करावा.
५. जमिनीतील मोठ्या फुलांच्या जाती ४५ ते ५० सें.मी. उंचीवर, कुंडीतील २५ ते ३० सें.मी. उंचीवर छाटाव्यात. थंड देशांतल्याप्रमाणे अगदी खालून छाटू नये. ऑक्टोबर हीटमध्ये उघडे पडलेले खोड भाजते.
६. बाहेरच्या दिशेला असलेल्या डोळ्याच्या वर अर्धा सें.मी. अंतरावर तिरका काप घ्यावा. काप डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता असावा.
७. कापाच्या आत पांढरा, निरोगी गर दिसेपर्यंत खाली यावे. तपकिरी गर दिसला, तर रोग अजून आत आहे असे समजावे.
८. कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. घरच्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना आणि १ लिटर पाणी हे प्रमाण पुरते. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत. धातूचे भांडे वापरू नये.
९. उरलेली डागाळलेली पाने काढावीत. खाली पडलेला सर्व पालापाचोळा गोळा करून घराबाहेर काढावा. तो खतखड्ड्यात टाकू नये.

झुपकेदार जातींची एक तृतीयांश उंची कमी करावी. बटन गुलाबाची फक्त टोके छाटावीत. वेली गुलाबाच्या मुख्य फांद्या ठेवून बाजूच्या फांद्या २ ते ३ डोळ्यांवर आणाव्यात. एडवर्डची फार जुनी लाकडी फांदी मुळापासून काढून बाकी झाड हलके ठेवावे. एका वर्षाच्या आतील रोपाची केवळ साफसफाई करावी.

वर्षभर सुकलेले फूल काढताना पहिल्या पाच पर्णिकांच्या सशक्त पानाच्या वर कापावे. फक्त मान तोडल्यास पुढची फूट बारीक येते.

खत आणि पाणी

छाटणीनंतर जमिनीतील प्रत्येक पूर्ण वाढलेल्या झाडाला ५ ते १० किलो शेणखत आणि ६ ग्रॅम नत्र, १२ ग्रॅम स्फुरद, १२ ग्रॅम पालाश द्यावे. म्हणजे सुमारे १३ ग्रॅम युरिया, ७५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. खोडापासून १५ ते २० सें.मी. अंतरावर रिंगण करून खत द्यावे आणि लगेच पाणी द्यावे. कुंडीसाठी याच्या एक चतुर्थांश मात्रा पुरते, किंवा दर महिन्याला २ मुठी गांडूळ खत आणि १ मूठ निंबोळी पेंड द्यावी. जून ते सप्टेंबर नत्रयुक्त खत देऊ नये. त्यातून आलेली लुसलुशीत फूट रोगाला आमंत्रण देते.

लोहाच्या कमतरतेसाठी १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळून पानांवर फवारावे. भरणीच्या जमिनीत हा तात्पुरता उपाय आहे. माती बदलणे हाच कायमचा इलाज.

पाणी सकाळी, मुळाशी द्यावे. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजण्यासाठी पान सलग सुमारे ७ तास ओले राहावे लागते. संध्याकाळी पानांवर मारलेले पाणी रात्रभर हीच सोय करून देते. हिवाळ्यात जमिनीतील झाडाला आठवड्यातून २ ते ३ वेळा पाणी पुरते. उन्हाळ्यात कुंडीला रोज, कडक उन्हात दोनदाही लागते. बोट ५ सें.मी. मातीत खुपसून ओल पाहूनच पाणी द्यावे.

पावसाळ्याचे चार महिने

या काळात फुलांचा आग्रह सोडावा. झाड जगवणे आणि त्याची पाने टिकवणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे.

- मेअखेर वाळक्या, बारीक फांद्या काढाव्यात. जमिनीपासून २० सें.मी. पर्यंतची पाने खुडावीत, म्हणजे मातीचे शिंतोडे पानांवर उडणार नाहीत. याहून अधिक छाटू नये.
- आळे मोडून खोडाभोवती मातीचा उतार बाहेरच्या बाजूला करावा. उन्हाळ्यातले आळे पावसात तसेच राहणे, हे झाड मरण्याचे सर्वांत साधे कारण आहे.
- कुंड्यांखालच्या थाळ्या काढून टाकाव्यात. डासांच्या दृष्टीनेही हे आवश्यक आहे.
- शक्य असल्यास कुंड्या पाऊस न लागणाऱ्या पण उजेडाच्या जागी हलवाव्यात. अंधाऱ्या जिन्याखाली ठेवू नयेत.
- उंच जातींना काठीचा आधार द्यावा.
- कळ्या लहान असतानाच खुडाव्यात.

उल्हास नदीलगतच्या वस्त्यांत २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ सारखे पूर येतात. पूर ओसरल्यावर पानांवरील गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, मुळाशी बसलेला गाळाचा थर काढावा आणि माती वरवर मोकळी करावी. नवीन फूट दिसेपर्यंत खत देऊ नये.

रोग आणि किडी

काळे ठिपके : पानावर काळे, झालरदार कडेचे डाग पडतात, भोवती पिवळेपणा येतो आणि पान गळते. रोगट पाने वेचावीत. पावसाची उघडीप मिळताच मँकोझेब २.५ ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून आलटून पालटून फवारावे.

शेंड्याकडून मर : फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळते. निरोगी भागाच्या ५ सें.मी. आत येऊन कापावी आणि बोर्डो पेस्ट लावावी. येथे ही मर पावसाळा संपताना सर्वाधिक दिसते.

भुरी : थंड रात्री आणि उबदार दिवस असताना कोवळ्या पानांवर पांढरी भुकटी दिसते. पाण्यात मिसळणारे गंधक २ ग्रॅम प्रति लिटर फवारावे. तापमान ३२ अंशांपुढे असताना गंधक वापरू नये, पाने भाजतात.

मावा, फुलकिडे : हिवाळ्यात कळ्यांवर येतात. ५ टक्के निंबोळी अर्क ८ ते १० दिवसांच्या अंतराने फवारावा. फुलकिड्यांनी काळवंडलेल्या कळ्या खुडून नष्ट कराव्यात.

लाल कोळी : मार्च ते मेमध्ये पानामागे बारीक जाळी आणि पानावर फिकट ठिपके दिसतात. सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

हुमणीचे भुंगेरे : पहिल्या पावसानंतर रात्री पाने कुरतडतात. अंधार पडल्यावर फांदी हलवून भुंगेरे साबणाच्या पाण्यात पाडावेत.

पानाच्या कडेला गोल, स्वच्छ कात्रीने कापल्यासारखे तुकडे गेलेले दिसले, तर ते पाने कापणाऱ्या मधमाशीचे काम असते. त्यावर फवारणी करू नये. झाडाचे नुकसान होत नाही आणि माशी परागीकरणाला उपयोगी असते.

रासायनिक औषध घेताना वेष्टनावर गुलाबासाठी शिफारस आणि मात्रा असल्याची खात्री करावी. बाल्कनीत फवारताना खिडक्या बंद ठेवाव्यात, मुलांना दूर ठेवावे, वाळत घातलेले कपडे आणि पिण्याचे पाणी हलवावे. गुलकंदासाठी ठेवलेल्या झाडावर रासायनिक फवारणी अजिबात करू नये. तीर्थात किंवा प्रसादात जाणाऱ्या फुलांनाही हाच नियम लावावा.

वर्षाचे वेळापत्रक

- १० ते २५ ऑक्टोबर : मुख्य छाटणी, बोर्डो पेस्ट, शेणखत आणि खतमात्रा. नवीन लागवडीला सुरुवात.
- नोव्हेंबर : खुंटाची फूट काढणे, माव्यावर लक्ष.
- डिसेंबर ते फेब्रुवारी : फुले, सुकलेली फुले काढणे, डिसेंबरअखेर हलकी छाटणी.
- मार्च ते मे : पालापाचोळ्याचे आच्छादन, दुपारी सावली, लाल कोळीवर लक्ष.
- मेअखेर : खालची पाने काढणे, आळे मोडणे, थाळ्या काढणे.
- जून ते सप्टेंबर : निचरा, स्वच्छता, उघडिपीत फवारणी. छाटणी आणि नत्र बंद.

शेतकरी आणि विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कल्याणचा फूलबाजार जवळ असल्याने काही शेतकरी उघड्या शेतात गुलाबाचा विचार करतात. येथे भरवशाचे उत्पादन मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारी मिळते. त्याच वेळी घाटावरचा मालही बाजारात भरपूर असतो. म्हणून आधी गादीवाफ्यावर ५० ते १०० झाडे लावावीत आणि एक पूर्ण पावसाळा काढल्यावर किती झाडे उरली, ते मोजावे. त्या आकड्यावरच पुढचा निर्णय घ्यावा.

घरच्या बागेची तक्रार आल्यास औषध सुचवण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात : कुंडीची छिद्रे किंवा वाफ्याचा निचरा, डोळ्याचा जोड मातीच्या वर आहे का, मुळाशी चिकण गोळा आहे का, शेवटची छाटणी कोणत्या महिन्यात झाली आणि झाडाला किती तास ऊन मिळते. या पाचपैकी एखादी गोष्ट चुकलेली असेल, तर ती दुरुस्त होईपर्यंत कोणत्याही फवारणीचा खर्च वाया जातो.